क्रॅनबेरीची गोळी: तुम्ही घेऊन बघा, सासूबाईंना नको

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, माध्यमिक शाळेत शिक्षिका. वर्षभरात चार वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं आणि चारही वेळा अँटिबायोटिक घ्यावं लागलं. कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) एकदाच केलं, त्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. बाकी तीन वेळा लघवीच्या साध्या (रुटीन) तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, दिसल्या म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. मेडिकलवाल्यानं क्रॅनबेरी आणि डी-मॅनोजची पाकिटं दिली आहेत, ‘रोज घ्या, परत होणार नाही’ म्हणून. न्यू जर्सीची नणंद दिवाळीत तिकडच्या गोळ्या आणते म्हणतेय. घ्याव्यात का, कोणत्या, किती दिवस? सासूबाईंनाही हाच त्रास आहे (वय ६७, मधुमेह, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू). त्यांनाही सुरू करू का?

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही क्रॅनबेरी घेऊन बघायला हरकत नाही, थोडाफार उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. पण ती पुढचं इन्फेक्शन टाळण्यासाठी. झालेलं बरं करायला तिचा उपयोग नाही. आणि तुमच्या बाबतीत तिच्याआधी दोन-तीन कामं उरकायची आहेत. सासूबाईंना मात्र ती सुरू करू नका. त्यांचा प्रश्नच वेगळा आहे. कारणं सांगते, उत्तर लांबेल.

चार वेळा इन्फेक्शन झालं हे कशावरून ठरलं, ते आधी बघू. माझ्या ओपीडीत बायका प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन येतात. तो टेबलावर तारखेप्रमाणे मांडला की बऱ्याचदा एकच चित्र दिसतं: ‘पस सेल्स ८ ते १०’, त्याखाली ‘एपिथेलियल सेल्स भरपूर’, कल्चर केलेलं नाही, आणि सोबत पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी. एपिथेलियल सेल्स भरपूर असल्या तर नमुना नीट घेतला गेलेला नाही असं समजायचं. त्यात बाहेरच्या त्वचेच्या पेशी मिसळल्यात, अंगावरून पांढरं जात असेल तर तेही मिसळलंय. मग त्या पस सेल्स मूत्राशयातूनच आल्या असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही.

लघवीला जळजळ होण्याची कारणं पुष्कळ. योनिमार्गात बुरशी झाली तरी जळजळतं, बारीक खडा उतरत असेल तरी जळजळतं, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’नं कातडी सोलवटली तरीही. त्यातलं बुरशीचं चक्र मी इतक्यांदा बघते की वैताग येतो: जळजळ झाली म्हणून अँटिबायोटिक, अँटिबायोटिकनं चांगले जंतू मेले म्हणून बुरशी, बुरशीनं पुन्हा जळजळ, म्हणून पुन्हा अँटिबायोटिक. या बाईनं क्रॅनबेरीची अख्खी बाग खाल्ली तरी तिला गुण येणार नाही, कारण तिला मूत्राशयाचं इन्फेक्शन झालेलंच नसतं.

म्हणून पुढच्या वेळी त्रास झाला की गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या. पहिली धार सोडायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबला पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या डबीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवतो. घरी उरलेल्या दोन गोळ्या घेऊन मग नमुना दिला तर उलटं फसतं, जंतू असूनही ‘नो ग्रोथ’ येतं. कल्चरचा आणखी एक फायदा म्हणजे कोणती औषधं लागू पडतात याची यादी हातात येते. आपल्याकडे नॉरफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे ई. कोलाय आता सर्रास सापडतात, तर नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं अजून बऱ्यापैकी चालतात. रिपोर्ट आला की डॉक्टरांना अंदाजानं औषध द्यावं लागत नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा खरोखरीचं इन्फेक्शन झालं तर त्याला आम्ही ‘वारंवार होणारं’ म्हणतो. प्रतिबंधाचा विचार तिथून पुढे. तुमचं एक नक्की आहे, तीन संशयित आहेत. तरी वयाकडे आणि लक्षणांकडे बघता तुम्ही त्या गटात असाल असं धरून पुढे लिहिते.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेचं फळ. विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्सकडे दलदलीच्या जमिनीत त्याची लागवड होते. काढणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात, फळं सुटून वर तरंगतात आणि सगळं तळं लाल दिसतं. इतकं आंबट की नुसतं तोंडात धरवत नाही. करवंदं खाल्ली तर चालतील का, असं कोकणातल्या पेशंट हमखास विचारतात. करवंद जरूर खा, पण ते या कामासाठी नव्हे. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या. ज्या चाचण्यांबद्दल मी पुढे लिहिणार आहे त्या बहुतेक अमेरिकन क्रॅनबेरीवर झाल्यात.

ती काम कशी करते याबद्दल लोकांच्या डोक्यात जुनं उत्तर बसलंय: लघवी आम्ल होते आणि जंतू मरतात. ही समजूत १९१४ पासूनची. क्रॅनबेरी खाल्ल्यावर लघवीतलं हिप्युरिक आम्ल वाढतं असं तेव्हा दिसलं होतं. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं, की माणूस जेवढी क्रॅनबेरी खाऊ शकतो तेवढीनं लघवी जंतू मरण्याइतकी आम्ल होत नाही. १९८४ मध्ये वेगळी गोष्ट समोर आली: क्रॅनबेरीच्या रसात ई. कोलाय पेशींना चिकटत नाहीत. या जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. गवतातून चालताना साडीच्या काठाला कुसळं धरतात तसा तो त्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्यं ही पकड ढिली करतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. पॅकेटवर याच द्रव्यांना ‘पीएसी’ म्हणतात. त्यातही क्रॅनबेरीत असतो तो ‘ए’ प्रकार महत्त्वाचा. द्राक्षात, सफरचंदात मुख्यतः ‘बी’ प्रकार असतो, त्याची ही ताकद नाही.

इथपर्यंत चित्र नीटनेटकं वाटतं. पण ही द्रव्यं आतड्यातून रक्तात फारशी शोषलीच जात नाहीत, लघवीत पोचतात ती अगदी किंचित. तेव्हा लघवीतलं खरं काम त्यांच्यापासून आतड्यात तयार होणारे दुसरे घटक करतात, की आतड्यातल्या जंतूंवरच काही परिणाम होतो, यावर अजून वाद आहे. बाटलीवर चिकटलेल्या आणि निसटलेल्या जंतूंचं चित्र इतक्या आत्मविश्वासानं काढलेलं असतं, की हा वाद ग्राहकाच्या कानावर येतच नाही.

आता चाचण्या. १९९४ ची अमेरिकेतली चाचणी सगळ्यात गाजली. १५३ म्हाताऱ्या बायकांना रोज ३०० मिली पेय दिलं, निम्म्यांना क्रॅनबेरीचं आणि निम्म्यांना तशाच चवीचं नकली. क्रॅनबेरीवाल्यांच्या लघवीत जंतू आणि पस एकत्र सापडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. चाचणीला पैसा क्रॅनबेरी उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा होता आणि मोजलं होतं ते लघवीतल्या जंतूंना, बाईला होणाऱ्या त्रासाला नाही. तरी बातमी जगभर पसरली. मग २०११ मध्ये मिशिगनमधल्या ३१९ कॉलेज तरुणींवर रस वापरून पाहिला, काही उपयोग दिसला नाही. २०१२ मध्ये चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं तोवरच्या २४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या आणि ‘फायदा सिद्ध होत नाही’ असा निर्वाळा दिला. माझ्यासारख्या बऱ्याच डॉक्टरांनी त्यानंतर क्रॅनबेरीचं नाव काढणं सोडलं होतं.

२०२३ मध्ये त्याच कोक्रेननं पुन्हा आढावा घेतला. आता ५० चाचण्या, ८,८५७ माणसं. या वेळी निष्कर्ष बदलला. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत इन्फेक्शनचा धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, मुलांत ५४ टक्क्यांनी. वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणारे वृद्ध, गर्भवती बायका आणि मज्जातंतूंच्या दोषामुळे ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही असे लोक, या तिघांत मात्र फायदा दिसला नाही. ‘क्रॅनबेरी चालते का’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते यावरून कळेल. आधी कोणाला द्यायची ते ठरलं पाहिजे.

२६ टक्के म्हणजे किती, हेही नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत हा आकडा मोठा करून छापतात. समजा तुमच्यासारख्या १०० बायकांपैकी वर्षभरात ४० जणींना पुन्हा इन्फेक्शन होणार होतं. क्रॅनबेरीनं ते ३० जणींना होईल. दहा जणी वाचल्या. साठ जणींना तसंही होणार नव्हतं, आणि तीस जणींना रोज गोळी गिळूनही झालंच. ‘परत होणार नाही’ हे मेडिकलवाल्याचं वाक्य या हिशेबात कुठे बसत नाही.

मग एवढ्याशा फायद्यासाठी मी ती सुचवते तरी का? अँटिबायोटिकमुळे. वारंवार त्रास होणाऱ्या बाईला रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस सहा महिने-वर्षभर देणं हा रूढ उपाय आहे आणि तो क्रॅनबेरीपेक्षा नक्की जास्त चालतो. नेदरलँड्समध्ये २२१ बायकांवर दोन्ही समोरासमोर तपासलं होतं. वर्षभरात अँटिबायोटिकवाल्यांना सरासरी १.८ वेळा त्रास झाला, क्रॅनबेरीवाल्यांना ४ वेळा. क्रॅनबेरी सपशेल हरली म्हणा ना. पण अँटिबायोटिक घेणाऱ्यांच्या शौचातले ई. कोलाय महिन्याभरात तपासले तर दहातले आठ-नऊ त्या औषधाला निर्ढावलेले निघाले. क्रॅनबेरीच्या गटात असे दहातले दोन-तीनच होते. आपल्याकडे औषधं आधीच निकामी होत चाललीत, तेव्हा वर्षाला चार इन्फेक्शनं असलेल्या छत्तिशीतल्या बाईला मी एकदम वर्षभराच्या अँटिबायोटिकवर टाकत नाही. आधी पाणी, सवयी, हवं तर क्रॅनबेरी. तेवढ्यानं भागलं नाही तर पुढचं.

अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली अन्न-औषध नियंत्रक संस्था) २०२० मध्ये क्रॅनबेरी विकणाऱ्यांना ‘वारंवार होणाऱ्या इन्फेक्शनचा धोका कमी होऊ शकतो’ असा दावा छापायला मुभा दिली, पण ‘पुरावा मर्यादित आहे’ हे शब्द सोबत छापायची अट घालून. मुभा कशाला, तर रोज ८ औंस म्हणजे साधारण २४० मिली क्रॅनबेरी पेयाला आणि रोज ५०० मिलिग्राम क्रॅनबेरीच्या गोळीला. अट मात्र बारीक अक्षरात जाते.

आता कोणती गोळी. आपल्याकडे या गोळ्या-पाकिटांवर बहुधा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते औषध नसून अन्नपूरक आहे. खोका उलटून बघितलात तर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना इंग्रजीत सापडेल. औषधाला लागतात त्या कसोट्या याला लागत नाहीत. खोक्यावर ‘क्रॅनबेरी एक्स्ट्रॅक्ट ३०० मिग्रॅ’ ठळक छापलेलं असतं. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही, अर्क किती तीव्र आहे ते त्यातून कळत नाही. शोधायचं ते पीएसी किती मिलिग्राम. दिवसाला ३६ मिलिग्राम हा आकडा बहुतेक तज्ज्ञ धरतात. पीएसीचा उल्लेखच नसेल तर तो खोका खाली ठेवा. उल्लेख असला तरी मोजणी कोणत्या पद्धतीनं केली यावर आकडा बराच हलतो. ‘डीमॅक’ पद्धतीनं मोजलेलं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. जगाच्या बाजारात क्रॅनबेरीच्या अर्कात द्राक्षाच्या बियांचा नाहीतर शेंगदाण्याच्या लाल सालपटाचा अर्क मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. रंग आणि तुरटपणा जुळतो, ग्राहकाला काय कळणार. नणंदबाईंना हेच सांगा: ‘अमेरिकेचं’ म्हणून काहीही उचलू नका, पीएसीचा आकडा आणि मोजायची पद्धत लिहिलेली बाटली बघा, शक्य तर बाहेरच्या प्रयोगशाळेनं तपासलेली. तिथेही हा माल अन्नपूरक म्हणूनच विकला जातो. आणि सुकवलेल्या गोड क्रॅनबेरीची पाकिटं आणली तर मुलांच्या डब्यात द्या, औषध म्हणून त्यांना धरू नका.

रसाबद्दल: बाजारात मिळतं ते ‘क्रॅनबेरी ज्यूस ड्रिंक’, त्यात रस पावभाग आणि बाकी पाणी व साखर. ग्लासभरात पाच-सात चमचे साखर सहज जाते. बिनसाखरेचा शुद्ध रस मिळतो, पण महाग आणि पिववत नाही. चाचण्यांतही रस पिणाऱ्या बायका मध्येच कंटाळून सोडून जात. गोळी परवडली.

डी-मॅनोज या दुसऱ्या घटकाचं सोपं आहे. ही एक साधी शर्करा, ई. कोलायच्या तंतूंना ती स्वतःच जाऊन चिकटते अशी कल्पना. कल्पना सुंदर होती. २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ५९८ बायकांवर सहा महिने रोज २ ग्रॅम देऊन पाहिलं: डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, नकली पावडर घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना. हा फरक योगायोगानंही पडू शकतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पाकिटं आणलीच आहेत तर संपवा, अपाय नाही.

घेणार असाल तर रोज घ्या, आठवण झाली की एखादी असं नको. परिणाम गोळी चालू असेपर्यंतच राहतो. सहा महिने मुदत ठरवा आणि कॅलेंडरवर खुणा करा: त्रास कधी झाला, कल्चर काय आलं. सहा महिन्यांत काहीच फरक नसेल तर बंद करा. दहा गोळ्यांच्या पट्टीला दोन-तीनशे रुपये सहज जातात, केवळ सवयीपोटी एवढा खर्च कशाला? पोट बिघडणं, जळजळणं एवढाच त्रास होतो, तोही क्वचित. मुतखडा झालेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय, आणि आपल्याकडचे खडे जास्त करून ऑक्झलेटचेच.

आता ज्या कामांना मी क्रॅनबेरीच्या आधी ठेवलं ती. तुम्ही शिक्षिका आहात हे वाचलं तेव्हाच माझ्या मनात पाण्याचा विचार आला. सकाळी साडेसातची शाळा, निघताना अर्धा कप चहा, मधल्या सुट्टीत पाणी प्यायचं टाळायचं कारण शाळेतलं स्वच्छतागृह बघवत नाही, आणि दीड-दोनला घरी आल्यावर पहिली धाव बाथरूमकडे. शिक्षिका, कंडक्टर, महिला पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या, सगळ्यांची हीच कथा. मुंबईत बायकांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी ‘राईट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. पाच-सहा तास मूत्राशय भरलेलं ठेवलं तर आत शिरलेल्या जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो, आणि पाणीच कमी प्यायलं तर त्यांना धुऊन काढायला धार नसते.

यात दिसलेला फायदा क्रॅनबेरीपेक्षा मोठा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वारंवार त्रास होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. (पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता, क्रॅनबेरीवाल्यांना चिमटा काढला तर यांनाही काढायला हवा. पण नळाचं उकळलेलं पाणीही तेवढंच काम करतं, त्यात कोणाचा गल्ला भरत नाही.) ‘खूप पाणी प्या’ हा सल्ला तुम्ही हजारदा ऐकला असेल, म्हणून मी वेळ बांधून सांगते: घरातून निघण्याआधी एक तांब्या, मधल्या सुट्टीपर्यंत अर्धा लिटरची बाटली, आणि मधल्या सुट्टीत जाऊन यायचंच, लागली नसली तरी. दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामं झालं पाहिजे. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असेल तर चार शिक्षिकांनी मिळून मुख्याध्यापकांच्या मागे लागा. ते काम गोळीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, तुमच्या वर्गातल्या मुलींसाठीसुद्धा.

उन्हाळी लागली की आजी सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, कोकम सरबत, नाचणीची आंबील देते, ते चालू ठेवा. त्यातलं धन्याचं काम किती आणि पाण्याचं किती या वादात मी पडत नाही. पोटात पाणी जातंय ना? मेडिकलमधलं गुलाबी क्षारयुक्त सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही. ते घेऊन बरं वाटलं म्हणून कल्चर टाळू नका.

एक नाजूक बाब, जी बायका सांगत नाहीत आणि बरेच डॉक्टर विचारत नाहीत. त्रास संबंधांनंतर एक-दोन दिवसांत होतो का? कॅलेंडरवर तीही खूण करा, ती वही कोणाला दाखवायची नाहीये. तसं जुळत असेल तर संबंधांनंतर लघवीला जाऊन या, शुक्रजंतुनाशक लावलेली साधनं टाळा. आणि तरीही होत राहिलं तर वर्षभर रोज गोळी घेण्यापेक्षा फक्त त्या वेळेपुरती अँटिबायोटिकची एक गोळी हा चांगला उपाय आहे, डॉक्टरांकडून लिहून घेऊन. यात तुमचा किंवा नवऱ्याचा अस्वच्छपणा असतो असं नाही. शरीराची रचनाच अशी आहे की बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर.

आता सासूबाई. त्यांना क्रॅनबेरी नको म्हटलं त्याचं पहिलं कारण रक्त पातळ ठेवणारी गोळी. झडप बदललेल्यांना आपल्याकडे असिनोकुमरॉल किंवा वॉरफरिन देतात. क्रॅनबेरीबरोबर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या घटना नोंदल्यावर ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला होता. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम ठळक दिसला नाही, हेही खरं. पण ज्या बाईचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) दर महिन्याला तपासून गोळीची पाव-अर्धी करावी लागते, तिच्या औषधांत एका बेभरवशाच्या फायद्यासाठी नवा गोंधळ कशाला? उलट जास्त महत्त्वाचं म्हणजे इन्फेक्शनसाठी त्यांना को-ट्रायमॉक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं गेलं तर आयएनआर नक्की चढू शकतो. अँटिबायोटिक लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी ‘झडपेची गोळी चालू आहे’ हे सांगा आणि दोन-चार दिवसांत आयएनआर करून घ्या.

दुसरं कारण वयाचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनिमार्गातले चांगले जंतू कमी होतात, अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, आणि ई. कोलायला वाट मोकळी होते. हे क्रॅनबेरीनं दुरुस्त होणार कसं? त्यावर इस्ट्रोजेनची जागेवर लावायची क्रीम आहे. १९९३ च्या चाचणीत ही क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, नकली क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. एवढा फरक या विषयात दुसऱ्या कुठल्या उपायात मी पाहिलेला नाही. तरीही साठीपुढच्या बायकांच्या फाइलीत ही क्रीम क्वचित दिसते, कारण त्या ‘तिथलं’ औषध मागत नाहीत आणि फिजिशियन तपासत नाहीत. क्रीम रक्तात फार थोडी जाते. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल तर मात्र आधी सांगायचं. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, तुम्ही बरोबर जा.

तिसरं, त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची नावं वाचा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? ही चांगली औषधं आहेत, हृदयालाही उपयोगी, पण ती साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्या जागी बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. खाज, जळजळ, पांढरं जाणं असं असेल तर ते लघवीचं इन्फेक्शन नसेलच कदाचित. गोळी मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर किती उरते तेही मोजायला सांगा. मधुमेहात मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि साचलेल्या लघवीवर क्रॅनबेरी चालत नाही.

आणि एक. त्यांना काही त्रास नसताना नुसत्या कल्चरमध्ये जंतू आले तर अँटिबायोटिक देऊ नका म्हणून सांगा. उतारवयात बऱ्याच बायकांच्या लघवीत जंतू मुक्कामाला असतात, काही करत नाहीत. २०१६ च्या अमेरिकेतल्या चाचणीत शुश्रूषागृहातल्या १८५ बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर क्रॅनबेरीच्या कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना नकली. क्रॅनबेरीनं हे जंतू हटले नाहीत. गर्भारपणात मात्र नियम उलटा: त्रास नसला तरी जंतू सापडले तर औषध द्यावंच लागतं, आणि तिथे क्रॅनबेरीच्या भरवशावर राहायचं नाही.

शेवटी, दोघींसाठीही: थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीच्या बाजूला दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, लघवीत रक्त दिसलं, किंवा सासूबाई एकाएकी सुस्त झाल्या, असंबद्ध बोलू लागल्या, तर सब्जा, सिरप, क्रॅनबेरी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रविवार असला तर कॅज्युअल्टीत जा. आणि सासूबाईंची झडपेच्या गोळीची फाइल सोबत घ्या.